हॉट रॉडसाठी इंजिन आणि गिअरबॉक्स कसं निवडायचं: आधी टेप काढा, पाकीट नंतर

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या माणसाचं ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर एकदा तरी जाणं होतंच. १९९५ पासून तिथे जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते, लोक सकाळपासून रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेले असतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समोरून १९३२ ची एक फोर्ड आली, बोनेट काढून ठेवलेलं, इंजिन उघडं, सिग्नलला माझ्यासमोरच थांबली आणि त्या आवाजाने छातीत धडधडायला लागलं. तिथून हे वेड लागलं ते लागलंच. आज माझ्या गॅरेजमध्ये १९३१ ची मॉडेल ए कूप आहे, आणि मंडळाच्या गणपतीत कोणी ना कोणी गाठून विचारतंच की मलाही अशी हॉट रॉड, म्हणजे जुन्या हलक्या गाडीत ताकदवान इंजिन बसवलेली गाडी, बांधायचीय, इंजिन कुठलं घेऊ? दरवेळी आरतीनंतर हातात प्रसाद धरून तेच सांगतो, म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

तर सगळ्यात आधी एक डोक्यात पक्कं करा. इंजिन एकटं निवडायचं नसतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि मागच्या टायरची उंची, हे चौघं एका घरात नांदणार आहेत, एक जरी विजोड आला तरी बाकी तिघांना त्रास. आणि नवीन माणूस नेमकं काय करतो तर कुठेतरी स्वस्तात इंजिन दिसतं, ते आधी उचलून आणतो आणि मग वर्षभर गाडी त्याच्याभोवती कापत बसतो. ते करू नका.

थोडा इतिहास सांगतो कारण त्यावर निवड अवलंबून आहे. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) दिलं, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर. त्याआधीच्या मॉडेल ए मध्ये चार सिलिंडरचं ४० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. मग कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या हलक्या गाड्या घ्यायची, मडगार्ड काढायची, त्यात व्ही-८ बसवायची आणि मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट जमिनीवर पळवायची. १९३७ मध्ये त्यांची एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना झाली, १९४९ मध्ये युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिला स्पीड वीक झाला. त्याच १९४९ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलने वर व्हॉल्व्ह असलेली नवीन व्ही-८ आणली, १९५५ ला शेव्हीचं (शेव्हर्लेचं) २६५ क्युबिक इंचाचं आलं आणि फ्लॅटहेडचे, म्हणजे ब्लॉकमध्येच व्हॉल्व्ह असलेल्या फोर्डच्या जुन्या व्ही-८ चे, दिवस भरले. म्हणजे तुम्ही जे इंजिन बसवाल त्यावरून बघणारा लगेच ओळखतो की ही गाडी कोणत्या काळातली म्हणून बांधलीय.

पहिलं काम: गाडी कशासाठी हवीय ते खरं खरं लिहा

कागदावर लिहा, मनात नको. रविवारी सकाळी दहा-पंधरा मैल फिरवून परत आणायची आहे, का बायको-मुलांना घेऊन दोनशे मैलांवरच्या शोला हायवेने जायचंय? क्लच दाबायला आवडतं का नाही? घरात दुसरं कोण चालवणार? कार्बशी (कार्बुरेटरशी) खेळायला मजा येते का किल्ली फिरवली की सुरू झालीच पाहिजे? ही उत्तरं प्रामाणिक असतील तर अर्धी निवड इथेच होते. पहिली गाडी बांधणारे बरेच जण चारशे-पाचशे हॉर्सपॉवरचं स्वप्न घेऊन येतात, पण मॉडेल ए ही मुळात साधारण एक टनाची गाडी आहे हो. तिला अडीचशे हॉर्सपॉवर दिली तरी ती हरणासारखी पळते. शिवाय फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये दिले, त्याआधीच्या फोर्डना रॉडने किंवा केबलने ओढायचे ब्रेक आहेत, म्हणजे इंजिनाच्या आधी ब्रेकचे पैसे बाजूला काढायचे. फ्रेमच्या पट्ट्यासुद्धा पातळ, त्या आतून पत्रा वेल्ड करून बंद चौकोनी करून घ्याव्या लागतात. हे दोन खर्च मी कोणालाच टाळू देत नाही.

दुसरं काम: मोजमाप

बोनेट काढा, जुनं इंजिन बाहेर काढलं असेल तर उत्तमच. फायरवॉलपासून (इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा) रेडिएटरपर्यंत, फ्रेमच्या दोन पट्ट्यांमधलं, क्रॉसमेंबरपासून (फ्रेमची आडवी पट्टी) बोनेटच्या आतल्या बाजूपर्यंत, सगळं टेपने मोजा आणि रेडिएटर आणि पंख्यामध्ये बोटभर तरी जागा सोडून हिशोब करा. मग जे इंजिन मनात आहे त्याची मापं शोधा आणि पुठ्ठ्याचा खोका करून आत ठेवून बघा. मी टीव्हीच्या खोक्याचा केला होता, त्यावर मार्करने डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग), पाण्याचा पंप, सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डची तोंडं काढली होती, आणि त्या खोक्यानेच मला दाखवलं की डावीकडचं मॅनिफोल्ड स्टेअरिंग बॉक्सवर आपटतंय. हजारो डॉलर खर्चून कळण्यापेक्षा पुठ्ठ्यावर कळलेलं बरं.

इथे दोन जागा नीट बघा. एक, शेव्ही स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्युटर मागे असतो, अगदी फायरवॉलला टेकतो, त्यामुळे बरेच जण फायरवॉल कापून आत ढकलतात. पण मॉडेल ए मध्ये फायरवॉलच्या लगेच मागे काय आहे? पेट्रोलची टाकी! पुढे बसलेल्यांच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डच्या जागी. म्हणजे फायरवॉल आत घ्यायची तर टाकी काढून मागे न्यायची, आणि माझ्या मते ती तशीही मागेच जावी. दोन, फोर्ड ३०२ चा डिस्ट्रिब्युटर पुढे असतो म्हणून मागे छान जागा मिळते, पण त्याच्या बऱ्याच ऑइल पॅनचा खोलगट भाग पुढच्या बाजूला असतो आणि तो नेमका क्रॉसमेंबरवर बसतो. मग खोलगट भाग मागे असलेला पॅन शोधायचा, आणि त्याच्या जोडीचा पिकअप (तेल ओढणारा) पाइपही, फक्त पॅन बदलून चालत नाही, पाइप तेलापर्यंत पोचलाच नाही तर इंजिन गेलं.

तिसरं काम: इंजिन

आता मुख्य विषय. चार पर्याय सांगतो, यांच्या बाहेरही खूप आहेत, पण पहिल्या गाडीला या चारांतच रहा.

फ्लॅटहेड फोर्ड. माझं मन इथे आहे. १९३२ ते १९५३ अमेरिकेत बनलं, त्यातलं १९४६ ते ४८ चं ५९ए आणि १९४९ ते ५३ चं ८बीए ही दोन २३९ क्युबिक इंचाची जास्त घेतली जातात, मर्क्युरीचं १९४९ नंतरचं २५५ चं मिळालं तर नशीब. शंभर-एकशेदहा हॉर्सपॉवर, एवढंच. पण तो आवाज आणि दोन कार्ब लावल्यावरचं ते रूप, दुसऱ्या कशालाच नाही. अडचण कुठे येते तर याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच आहेत आणि गरम धूर ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेला लागून बाहेर पडतो, वर मधल्या दोन सिलिंडरना मिळून धुराचं एकच तोंड. म्हणून तापतं. आणि इतकी वर्षं तापून थंड होऊन व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत बारीक भेगा गेलेल्या असतात ज्या डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यामुळे फ्लॅटहेडचा ब्लॉक घेताना विकणारा कितीही गोड बोलला तरी मशीन शॉपमध्ये चुंबकीय पावडरने भेगा तपासून आणि प्रेशर टेस्ट करूनच पैसे द्या, नाहीतर आधी थोडे देऊन टेस्टनंतर बाकीचे असं ठरवा. आणखी एक, ५९ए मध्ये बेलहाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कव्हर) अर्धा भाग ब्लॉकलाच ओतलेला असतो, ८बीए ला ते वेगळं बोल्टने लागतं, त्यामुळे नवा गिअरबॉक्स लावताना दोघांचे अ‍ॅडॉप्टर वेगवेगळे.

शेव्ही स्मॉल ब्लॉक. पहिल्यांदा बांधणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सांगतो, त्यातही १९६७ पासूनचं ३५०. मध्यरात्री छोट्या गावात बंद पडलात तरी सकाळी दुकानात पार्ट मिळेल. कोणालाही दुरुस्त करता येतं. फक्त विकत घेताना फसू नका, कारण ३०५ आणि ३५० बाहेरून अगदी जुळे भाऊ. स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) दोघांचा ३.४८ इंच, पण ३५० चा बोअर (सिलिंडरची रुंदी) ४ इंच आणि ३०५ चा ३.७३६, आणि हे हेड उघडल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे टॉर्च आणि वायर ब्रश घेऊन जा. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, बेलहाउसिंग लागतं त्या कडेवर ड्रायव्हरच्या बाजूला ओतीव आकडे असतात, त्यावरची काजळी घासा आणि वाचा. ३९७००१० हा त्यातला प्रसिद्ध आकडा, लोक नुसतं 'झिरो वन झिरो' म्हणतात. मग पुढे या, उजव्या हेडच्या समोर एक सपाट जागा आहे तिथे ठोकलेली अक्षरं आहेत, त्यांचाही फोटो काढा आणि घरी येऊन ताडून बघा. मी घेतलेलं पहिलं इंजिन '३५०' म्हणून घेतलं होतं, आकडे न बघता, निघालं ३०५. वाईट इंजिन नाही ते, पण मी पैसे ३५० चे मोजले होते.

फोर्ड ३०२. फोर्डमध्ये फोर्डच पाहिजे असं ज्यांना वाटतं (आणि ते वाटणं मला पूर्ण मान्य आहे) त्यांच्यासाठी. अरुंद, शेव्हीपेक्षा हलकं, १९६८ पासून बनलेलं. यात एकच मोठा सापळा, १९८१ च्या आसपासपर्यंतच्या ३०२ चं बॅलन्स (तोल सांभाळायला बाहेरून लावायचं वजन) २८ औंसांचं आणि नंतरच्याचं ५० औंसांचं. पुढचा डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाची जड चकती) आणि मागचं फ्लायव्हील दोन्ही इंजिनाच्या जोडीचंच पाहिजे. चुकीचं लावलं तर गाडी अशी थरथरते की आरसा दिसेनासा होतो आणि लोक बिचारे कार्ब आणि प्लग बदलत बसतात.

एलएस. जीएमचं (जनरल मोटर्सचं) १९९७ मध्ये कॉर्व्हेटमधून आलेलं, आणि १९९९ पासूनच्या ट्रक्समधली ४.८ आणि ५.३ लिटरची लोखंडी ब्लॉकची इंजिनं भंगारच्या यार्डात ढिगाने मिळतात. जुनं, लाख मैल चाललेलं असलं तरी २७०-२८५ हॉर्सपॉवर सहज. पण इंजिन स्वस्त, बाकीचं नाही. कॉम्प्युटर, वायरिंग, आणि कार्बला जिथे ५ ते ७ पीएसआय दाबाचं पेट्रोल पुरतं तिथे याला जवळजवळ ५८ लागतं म्हणून टाकीत बसणारा पंप आणि तसले पाइप. ट्रकचं इनटेक उंच, बोनेटला लागतं, आणि ट्रकचा ऑइल पॅन इतका खाली लोंबतो की खाली बसवलेल्या गाडीत तोच आधी रस्त्याला टेकणार. विद्युत कामाची आवड असेल तर नक्की घ्या, थंडीत कटकट न करता सुरू होतं आणि पेट्रोल कमी पितं.

चौथं काम: गिअरबॉक्स, आणि इथे गणित करायचंच

१९४८ पर्यंतच्या फोर्डचा प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीतून जातो, टॉर्क ट्यूब म्हणतात त्याला. नवा गिअरबॉक्स लावला की ती नळी गेली, मागचा अ‍ॅक्सलही गेला, उघडा शाफ्ट आणि फोर्डचा ८ इंची किंवा ९ इंची अ‍ॅक्सल आला. फक्त फ्लॅटहेडवाल्याला जुनं ठेवता येतं, १९३९ चा तीन गिअरचा फ्लोअर शिफ्टचा गिअरबॉक्स त्यासाठीच लोक शोधत असतात, पण तो फ्लॅटहेडच्या जोरापुरताच, ३५० मागे लावू नका.

आता सूत्र: वेग मैलात, गुणिले अ‍ॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या), गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात, झाले आरपीएम. माझा टायर २८ इंच, अ‍ॅक्सल ३.७०. ६५ मैलाला २,८८६ आरपीएम. उघड्या गाडीत दोन तास या आरपीएमला बसलात तर घरी येऊन कोण काय बोलतंय ऐकू येत नाही. तेच ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा वरचा गिअर) असला की २,०२०. केवढा फरक! पण म्हणून अ‍ॅक्सल ३.०० घेऊन वर ओव्हरड्राइव्ह घेतलात तर १,६३८ वर येतं, म्हणजे चढाला इंजिन कण्हायला लागतं आणि तुम्ही ओव्हरड्राइव्ह कधी वापरतच नाही.

ऑटोमॅटिकमध्ये जीएमचा टीएच३५० साधा, मजबूत, तीन गिअर (२.५२, १.५२, १), वायरिंगची भानगड नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्याने हाच घ्यावा. ७००आर४ ला पहिला ३.०६ आणि चौथा ०.७०, पण लांबी तीन इंच जास्त, फ्लोअर आणि क्रॉसमेंबर दोन्ही सरकवावं लागतं. २००-४आर मात्र लांबीने जवळजवळ टीएच३५० इतकाच आणि चौथा ०.६७, छोट्या गाडीला माझी पहिली पसंती. या दोन्ही चार गिअरवाल्यांना कार्बपासून एक टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल येते जी आतलं तेलाचं प्रेशर ठरवते. ती सैल किंवा कार्बवर चुकीच्या कोनात लागली तर काही मैलांत आतले क्लच जळतात, मग मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्सच खराब होता. कार्बला त्या केबलचं योग्य ब्रॅकेट घ्या आणि प्रेशर गेज लावून सेट करा. तेल थंड करायला कूलर हवाच.

हाताने गिअर टाकायचे असतील तर टी५. हलका, पाच गिअर, पुरेसा, पण सिग्नलला टायर जाळायची सवय असेल तर टिकणार नाही. मस्टँगमधल्यात पहिला ३.३५ आणि पाचवा ०.६८. एस-१० पिकअपमधल्याचा लिव्हर पुढे येतो, त्यामुळे एकसलग सीटच्या गाडीत गुडघ्याला लागत नाही, म्हणून सगळे त्याच्या मागे असतात. पण थांबा, चार सिलिंडरच्या एस-१० मध्ये पहिला गिअर ४.०३ असतो, त्याला ३.७० ने गुणलं की १४.९. चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकावा लागेल. व्ही-८ असलेल्या हलक्या गाडीला हा गुणाकार ९ ते ११ च्या दरम्यान आला की चालवायला सुख वाटतं.

पाचवं काम: जोडणी

शेव्हीच्या बेलहाउसिंगची भोकं १९५५ पासून तीच आहेत, त्यामुळे जुळवणं सोपं. पण १९८६ पासून मागचं सील एका तुकड्याचं झालं, त्याचं फ्लायव्हील वेगळं, आधीच्याला चालत नाही. एलएस मागे जुना टीएच३५० लावायचा तर क्रँकला स्पेसर लागतो.

ऑटोमॅटिक लावताना टॉर्क कन्व्हर्टरचं (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा डबा) नीट वाचा. माझ्या गल्लीत एक आजोबा आहेत, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेले, त्यांनी मला हे शिकवलं, पण माझं नुकसान झाल्यावर. मी इंजिनला गिअरबॉक्स लावत होतो, अर्धा इंच फट राहिली, म्हटलं बोल्ट आवळले की येईल जवळ. आला जवळ, आणि आत पंप फुटला. कन्व्हर्टर पूर्ण आत गेलाच नव्हता. दुसऱ्या वेळी आजोबांनी माझे हात कन्व्हर्टरवर ठेवले, त्यावर स्वतःचे ठेवले, आणि म्हणाले आत ढकल आणि फिरव, फिरवत रहा. एक 'ठक्'. परत फिरव. दुसरा 'ठक्'. मी सोडणार तर म्हणाले अजून नाही. तिसरा आला तेव्हा कन्व्हर्टर बोटभर आणखी आत सरकला. मगच बेलहाउसिंग इंजिनला हाताने, बोल्ट न आवळता, पूर्ण टेकलं, आणि कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट (क्रँकला मागे लागणारी पातळ चकती) यांच्या मध्ये पाव इंचाहून जरा कमी फट राहिली. ती फट आठवणीने बघायची, मग कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावायचे.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी मध्येच सांगतो कारण हा प्रश्न खूप येतो. भारतात हे असं करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी दिली ती गाडी मूळ रूपात असेल तरच, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. तिथे जुनी गाडी हाती आली तर तिला मूळ इंजिनासकट जपा. अमेरिकेतही राज्याराज्यात फरक आहे, कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) नाही, पण नोंदणी कोणत्या वर्षाची म्हणून होतेय ते गाडी घेण्याआधी बघा.

शेवटचं काम: पहिल्यांदा सुरू करणं

नवीन कॅम टाकलेलं जुन्या पद्धतीचं फ्लॅट टॅपेट (सपाट तळाचा टॅपेट कॅमवर घासत चालतो तसलं) इंजिन असेल तर ते आयडलवर गुरगुरत ठेवायचं नाही, कितीही मोह झाला तरी. झिंक जास्त असलेलं तेल घाला, सुरू करण्याआधी ड्रिलने ऑइल पंप फिरवून प्रेशर आणा (शेव्हीत डिस्ट्रिब्युटर काढला की त्याच भोकातून करता येतं), रेडिएटर काठोकाठ भरा, समोर घरातला मोठा पंखा लावा, एक माणूस फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा करा. सुरू झालं की लगेच २,००० ते २,५०० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच, थोडं वरखाली करत. पाणी गळलं किंवा तापलं तर सरळ बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं नंतर पूर्ण करा. मग तेल गरम असतानाच पांढऱ्या भांड्यात काढा, उन्हात न्या आणि हलवून बघा. पहिल्या तेलात बारीक करडी झाक असतेच, पण चकाकणारे कण दिसले तर गाडीला हात लावू नका, फिल्टर कापून उघडा आणि कॅम तपासा.